मानमोडीचा आषाढ

आषाढ सरत आला, लावणी आटोपली, की मला अंडं खाववत नाही. नवरा म्हणतो, हिचा श्रावण कालनिर्णयाच्या आधी लागतो. मी हसून घेते. तव्यावरून ऑम्लेटचा वास उठला की मागच्या पडवीत जाऊन उभी राहते, सड्यावरचा ओला वारा तोंडावर घेते आणि वास विरला की आत येते. यंदाही तसंच चाललं होतं, तेवढ्यात वाडीतून तात्यांचा फोन आला. राखण रविवारी ठरली आहे, तू यायचंस. राखण म्हणजे लावणी संपल्यावर वाडीच्या वेशीवरच्या देवाला द्यायचा कोंबडा, घरटी एक. रक्त देवाचं, मांस माणसांचं, आणि त्या बदल्यात देवाने वर्षभर वाडी राखायची. तात्या आमचे वाडीप्रमुख, त्यामुळे बोलावणं त्यांचं. मी येते म्हटलं. दरवर्षी म्हणते, आणि दरवर्षी जातेही.

मी रत्नागिरीतल्या एका लहानशा पशुरोग प्रयोगशाळेत तंत्रज्ञ आहे. काय काम करतेस असं कुणी विचारलं तर मी ‘तपासणी’ म्हणते आणि पावसाचं काहीतरी बोलते. खरं उत्तर असं आहे की मी विषाणू वाढवते. कोंबड्या मरायला लागल्या की मेलेल्या कोंबडीचा मेंदू, श्वासनळीचा तुकडा आमच्याकडे येतो. त्यात रोग कोणता, हे ओळखायचं. जिवाणूंचं एक बरं असतं, काचेच्या थाळीत थोडी खळ घालून दिली तरी ते मुकाट्याने वाढतात. विषाणूला जिवंत घर लागतं. ते घर म्हणजे दहा दिवस उबवलेलं अंडं, आत पिल्लू धरलेलं.

अंधाऱ्या खोलीत दिव्यासमोर अंडं धरलं की कवचातून लाल शिरांचं जाळं दिसतं आणि त्या जाळ्यात एक काळा ठिपका हलताना दिसतो. तो डोळा. मी शिसपेन्सिलीने कवचावर खूण करते, शिरा चुकवून बारीक भोक पाडते, सुईने रोगाचा थेंब आत सोडते आणि मेणाने भोक बुजवते. मग अंडं पुन्हा उबेत. रोज सकाळी पुन्हा दिव्यासमोर. पहिल्या दिवशी मेलं तर ते माझ्या सुईने मेलं, ते धरायचं नाही. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी मेलं तर ते विषाणूने. मग कवच फोडून पिल्लाभोवतीच्या पाण्यात कोंबडीच्या रक्ताच्या लाल पेशी घालून बघायच्या. विषाणू असला तर पेशी एकमेकींना धरून पसरून राहतात, नसला तर तळाशी ठिपका होऊन बसतात.

हे इतकं सोपं आणि इतकं ओंगळ आहे. आमच्या खोलीत मेलेलं पिल्लू ही चांगली बातमी असते. आमचे डॉक्टरसाहेब सकाळी छत्री झटकत आत यायचे आणि आधी विचारायचे, किती मेली? मी म्हणायचे, पाचातली चार. ते खूश होऊन चहा सांगायचे. मीही खूश व्हायचे. नवीन लागले तेव्हा पहिले चार दिवस जेवण गेलं नाही, मग जायला लागलं. माणसाला कशाचीही सवय होते असं लोक कौतुकाने सांगतात. मला त्यात कौतुक करण्यासारखं काही दिसलेलं नाही.

मला अंडं खाववेनासं झालं त्या वर्षीचा आषाढ वेगळा होता तो वासाने. पाऊस लागून राहिलेला, भिंतींना बुरशी, वीज दिवसातून चारदा जायची आणि दर वेळी मी उबवणीच्या यंत्राकडे धावायचे. पण यंत्र रिकामंच होतं. आमची अंडी घाटावरून येतात, बंद शेडमध्ये वाढवलेल्या कोंबड्यांची. त्या कोंबड्यांनी जन्मात रोग पाहिलेला नसतो, लस पाहिलेली नसते. भिंतीवर नियमच लावलेला आहे, दुसरी अंडी वापरायची नाहीत. त्या आठवड्यात घाटात दरड कोसळली आणि अंड्यांची गाडी पलीकडे अडकून पडली. मी रिकाम्या यंत्राची काच पुसत बसायचे.

अशात इंदूकाकी आली. इंदूकाकी माझी चुलतकाकी, माझ्या माहेरच्या वाडीतली. काका लोट्याला केमिकल कंपनीत होते. ते गेल्यावर ती खोली सोडून वाडीत परतली आणि एकटीच राहायला लागली. मूलबाळ नाही. होत्या त्या कोंबड्या, वीसेक. त्यांना नावं नव्हती, पण प्रत्येकीचा स्वभाव तिला तोंडपाठ होता. कोण भांडकुदळ, कोण अंडं लपवून घालणारी, कोणाचं कोणाशी पटत नाही, हे ती शेजारणींबद्दल सांगावं तसं सांगायची. त्या दिवशी ती एसटीने हातखंब्याला उतरली, तिथून दुसरी गाडी धरून आमच्या दारात उभी राहिली. हातात प्लास्टिकची पिशवी, पिशवीत मासळीवाल्याकडचा बर्फ, आणि बर्फात दोन मेलेल्या कोंबड्या. दोघींच्याही माना पाठीकडे मुरगळलेल्या.

मी बघताक्षणी म्हटलं, मानमोडी. गावात त्या रोगाला हेच नाव आहे. हिरवट शेण पडतं, पिसं फुगतात, मग कोंबडी उलट्या पावलांनी स्वतःभोवती फिरायला लागते आणि मान वाकडी होऊन मरते. कोकणातल्या कुठल्याही बाईला हा रोग लांबून ओळखता येतो. पण काकीला नुसतं नाव नको होतं. तिला कागद हवा होता.

कारण असं होतं. काकीच्या कोंबड्या मेल्या, त्यानंतर चार दिवसांत शेजारच्या दोन घरांतल्या मेल्या. त्याच्या महिनाभर आधी काकीचं वाडीशी वाजलं होतं. तिच्या अंगणातून वरच्या घरांना पायवाट हवी होती आणि ती नाही म्हणाली होती. तेव्हा कुणीतरी बोललं, की रागाने हिनेच उंदराचं औषध लावलेले तांदूळ टाकले, ते तिच्याही कोंबड्यांनी खाल्ले. बोलणं वाढत वाढत तात्यांपर्यंत गेलं. तात्यांनी निवाडा केला, तो वरवर पाहता अगदी न्यायाचा. म्हणाले, राखणीच्या दिवशी सगळी वाडी जमते, तोवर प्रयोगशाळेचा कागद आणा. रोग असला तर कुणी काही बोलायचं नाही. रोग नसला तर इंदूचा आणि वाडीचा संबंध संपला.

माणसाला वाळीत टाकणं हा कायद्याने गुन्हा आहे. वाडीत हे सगळ्यांना माहीत असतं, म्हणून ‘वाळीत टाकलं’ असं कुणी म्हणत नाही. नुसतं बोलणं थांबतं. विहिरीवर ती आली की बाकीच्या कळशा उचलतात, कापणीला माणसं एकमेकांच्या शेतात जातात ती तिच्या शेतात जात नाहीत, आणि आजारी पडली तर दार वाजत नाही. काकीला हे माहीत होतं. तिच्या लहानपणी तिच्या माहेरच्या गावात एक घर असं सुकलेलं तिने पाहिलं होतं. पण ती निवांत होती. सगळ्यांसमोर सांगून आली होती, की माझी पुतणी तिथेच आहे, कागद येतो की नाही बघा.

मी तिला अंड्यांचं सांगितलं. घाट उघडेपर्यंत काही करता यायचं नाही, आणि राखणीला तर नऊच दिवस आहेत. ती विचारात पडली. दुसऱ्या दिवशी पहिल्या गाडीने परत आली, या वेळी टोपली घेऊन. टोपलीत भाताचं तूस, तुसात टॉवेल, टॉवेलात नऊ अंडी, अजून कोमट. एसटीत दोन तास ती टोपली तिने पदराखाली पोटाशी धरली होती.

“तुज्या अंड्यांची गाडी अडकली म्हनून माजा न्याय अडकायचा काय गो?” ती म्हणाली. “ही घे. माज्या खुडकीखालची. नऊ दिस झाले बसून.”

खुडूक म्हणजे अंड्यांवर उबायला बसलेली कोंबडी. वीसातली तेवढी एकच वाचली होती, मागच्या पडवीत टोपलीखाली बसली होती म्हणून, असं काकी म्हणाली. मी अंडी दिव्यासमोर धरली. एक रिकामं निघालं, एक प्रवासात गेलं होतं. सात जिवंत होती, शिरा लालभडक, डोळे हलत होते. दिवसांचा हिशेबही बरोबर जमत होता. डॉक्टरसाहेबांनी विचारलं, अंडी कुठची? मी म्हटलं, गावठी आहेत, लस कधी टोचलेली नाही. दोन्ही गोष्टी खऱ्या होत्या. ते फोनवर होते, त्यांनी मान हलवली.

गावठी म्हणजे शुद्ध, हे आमच्या रक्तात आहे. शहरातून आलेल्या पाहुण्याला आम्ही गावठी अंडं असं पुढे करतो जणू त्यात पाप शिरूच शकत नाही. मी त्या खात्रीतलीच. भिंतीवरचा नियम मला घाटावरच्यांचा फाजील सोवळेपणा वाटला. आणि माझ्या काकीने पोटाशी धरून आणलेली अंडी नाकारायचं माझ्या मनातही आलं नाही. एक साधा प्रश्न मी विचारला नाही. सगळ्या कोंबड्या मेल्या आणि हीच का जगली?

सातातल्या पाच अंड्यांना मी टोचलं, दोन तशीच ठेवली. पहिल्या सकाळी सगळी जिवंत, ते ठीकच. दुसऱ्या सकाळीही जिवंत. तिसऱ्या सकाळी मी दिवा लावायच्या आधी हात जोडले. मी काय मागत होते ते लिहायला आता लाज वाटते. मी म्हणत होते, मरा. तुमची मालकीण सुटेल, मरा. दिवा लावला तर पाचही डोळे हलत होते, आदल्या दिवसापेक्षा जोरात, आणि अंगावर पिसांची सावली धरायला लागली होती. चौथ्या दिवशी तसंच. पाचव्या दिवशी तसंच. इतकी धडधाकट पिल्लं त्या खोलीत मी कधी पाहिली नव्हती, आणि त्यांचा इतका रागही मला कधी आला नव्हता.

पाचव्या दिवशी पद्धतीप्रमाणे सगळी अंडी फ्रीजमध्ये ठेवायची असतात, रात्रभर. जगलेली पिल्लं गारठून मरतात आणि रक्त न सांडता पाणी काढता येतं. मी ठेवली, सातही. सकाळी पाणी काढून लाल पेशींत मिसळलं. पेशी सावकाश खाली उतरल्या आणि थाळीच्या प्रत्येक खळग्यात तळाशी एक नीट लाल ठिपका होऊन बसल्या. विषाणू नाही.

इथे थांबून एक सांगायला हवं, कारण पुढचं सगळं त्यात आहे. एका फेरीत विषाणू दिसला नाही म्हणजे तो नाही, असं होत नाही. तेच पाणी पुन्हा नव्या अंड्यात घालायचं असतं, पुन्हा वाट बघायची असते. त्याला अंडी नव्हती. म्हणजे कागदावर लिहायला हवं होतं, ‘चाचणी अपूर्ण’. तसं लिहिलं असतं तर साहेबांनी अपूर्ण का असं विचारलं असतं, अंडी कुठची होती ते निघालं असतं, आणि भिंतीवरचा नियम मी मोडला हे फायलीत गेलं असतं. माझी नोकरी तेव्हा कंत्राटी होती. कायम करायच्या यादीत माझं नाव त्याच पावसाळ्यात वर गेलं होतं. मी लिहिलं, ‘विषाणू आढळला नाही’. वाक्य म्हणून त्यात काही खोटं नव्हतं. साहेबांनी सही केली.

मी स्वतः कागद घेऊन राखणीला गेले. मनात म्हटलं, समजावून सांगेन. वेशीवर आंब्याखाली सगळे जमले होते, पाऊस थोडा उघडला होता, प्रत्येकाच्या काखेत पाय बांधलेला कोंबडा. काकीने शेजारच्या गावातून एक तांबडा कोंबडा आणला होता, ती तो कुरवाळत उभी होती. तात्यांनी चष्मा लावून कागद मोठ्याने वाचला, दोनदा. मग घडी घातली.

“सरकारी कागद हाय,” ते म्हणाले. “रोग नाय असं लिवलंय. मग कोंबड्या मेल्या कशान?”

सगळ्यांनी काकीकडे पाहिलं, काकीने माझ्याकडे. मी तोंड उघडलं. आढळला नाही म्हणजे नाहीच असं नव्हे, एवढं सांगायचं होतं. माझ्या तोंडून आलं, की तसं नसतं, चाचणीच्या काही मर्यादा असतात. तात्यांनी शांतपणे विचारलं, मग कागद खोटा आहे का? मी गप्प बसले. आणि माझ्या वतीने काकी बोलली.

“कागद माज्या पुतणीन केलान,” ती म्हणाली. “ती खोटं करायची नाय.”

तिला वाटलं, तात्या माझ्यावर आळ घेताहेत. ती माझी बाजू सावरत होती. ज्या कागदाने तिचा गळा कापला तो खरा आहे, याची साक्ष तिनेच दिली, आणि मान ताठ ठेवून दिली. तात्यांनी तिचा तांबडा कोंबडा परत न्यायला सांगितला नाही, त्यांनी तिच्याकडे पाहिलंच नाही. बाकीचे कोंबडे एकेक करून पुढे गेले. ती बराच वेळ उभी राहिली आणि मग वळून घराकडे चालायला लागली. मला वाटून आलेलं मांस मी खाल्लं. नाही म्हणणं बरं दिसलं नसतं.

पंधरा दिवसांत घाट उघडला, गाडी आली. मेंदूचा थोडा भाग मी डीप फ्रीजरमध्ये ठेवला होता. कुणालाही न सांगता मी तो पाच स्वच्छ अंड्यांत टोचला. तिसऱ्या सकाळी पाचही काळवंडलेली. कवच फोडलं तर पिल्लांच्या डोक्यावर, पायांवर रक्त साकळलेलं. लाल पेशी खळग्यात सगळीकडे पसरून राहिल्या. मानमोडी, आणि तीही जबर. तोवर वाडीत तर खुराडीच्या खुराडी रिकामी होत होती. राखणीला आलेल्या कोंबड्यांतले काही आजारी असणार. त्यांचं मांस, आतडी, पिसं घरोघर गेली, उकिरड्यावर पडली, आणि रोग घरोघर पोचला. वाडी म्हणाली, इंदूने जाता जाता सूड घेतला.

खुडूक का जगली, हे मला तेव्हा कळलं. आदल्या वर्षी वाडीत बारीक साथ आली होती. त्यातून ती उठली असणार. अशी कोंबडी आपल्या अंगातलं बळ अंड्याच्या बलकात घालते, आणि पिल्लू कवचातच ते पिऊन तयार होतं. सहज होत नाही, पण होतं. मी टोचत होते तो रोग त्या पिल्लांच्या आईने आधीच अडवून ठेवला होता.

मी दुसरा कागद तयार करून साहेबांपुढे ठेवला. त्यांनी वाचला आणि मला बसायला सांगितलं. एका नमुन्याचे दोन कागद गेले तर चौकशी माझी होईल, त्यांचीही होईल, आणि कोंबड्या तर आता मेल्याच आहेत, असं ते म्हणाले. वाईट माणूस नव्हता. यादीची आठवण त्यांनी करून दिली नाही, मला तशी गरजही नव्हती. कागद ड्रॉवरमध्ये गेला. भाद्रपदात मी कायम झाले.

पण कुणाला तरी सांगितल्याशिवाय राहवेना, तेव्हा मी काकीकडे गेले. मागच्या दाराने गेले, हेही सांगून टाकते. ती चुलीपुढे बसली होती. मी सगळं सांगितलं. अंडी, नियम, फ्रीज, दुसरा कागद. तिने मध्ये एकदाही अडवलं नाही. मग तिने एकच विचारलं, ती सातही पिल्लं शेवटपर्यंत जिती होती ना? मी हो म्हटलं.

“म्हंजे आईनं राखलंन त्यांना,” काकी म्हणाली. “रोगान नाय मेली ती. तुज्या हातान मेली.”

आवाज चढलेला नव्हता. तिने चुलीतलं लाकूड मागे ओढलं. मी रडायला लागले, आणि रडता रडता म्हटलं, की मी उद्याच तात्यांकडे जाते, सगळ्यांसमोर सांगते. तिने माझ्याकडे पाहिलं. तिला माझं लहानपण, माझं शिक्षण, घरची ओढाताण, सगळं माहीत होतं.

“नको सांगू,” ती म्हणाली. “मी रायलेय तशी रायन. तुजी नोकरी जायाची.”

ती आजही त्याच घरात आहे. कुणी तिच्याशी बोलत नाही. राखणीला मला अजून मानाने बोलावतात, कागद करणारी म्हणून, आणि जाताना तिचं दार ओलांडूनच जावं लागतं. काकीने आयुष्यात मला शंभर गोष्टी सांगितल्या असतील. सासरी नमून राहा, उन्हात डोकं झाक, एवढं चिडू नकोस. मी त्यातली एकही कधी धड ऐकली नाही. ‘नको सांगू’ हे मात्र तत्काळ ऐकलं. आता हे लिहितेय, तेही वाडीत असलं काही कुणी वाचत नाही, या भरवशावर.